न्यूयॉर्कचा महापौर तोंडपाठ, आपला प्रभाग कुठला ते माहीत नाही

तळजाईकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय.

४ नोव्हेंबर २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये झोहरान ममदानी महापौर म्हणून निवडून आला आणि ५ तारखेच्या सकाळपासून ऑफिस, फॅमिली ग्रुप, जिम, सगळीकडे तोच विषय. वय ३४, जन्म कंपालाचा, दिग्दर्शिका मीरा नायरचा मुलगा, माजी गव्हर्नर कुओमोला हरवलं, घरभाडं गोठवणार, बस फुकट करणार. लोकांना बारीकसारीक तपशील पाठ. त्याबद्दल माझी तक्रार नाही, निवडणूक खरंच रंगली होती.

पण त्याच दिवशी, म्हणजे ४ नोव्हेंबरलाच, आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला. २ डिसेंबरला मतदान. ११ नोव्हेंबरला महापालिकांच्या आरक्षणाची सोडत पण निघाली. पुण्यात मार्च २०२२ पासून २०२५ संपेपर्यंत एकही नगरसेवक नव्हता, साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक कारभार बघत होता. आता ४१ प्रभाग झालेत, १६५ जागा आहेत. आमच्या ऑफिसात आपला प्रभाग कितवा हे कुणालाच सांगता येईना. फुकट बस शक्य आहे की नाही यावर जेवणाची सुट्टी संपेपर्यंत वाद, पण पीएमपीचं किमान तिकीट १ जूनपासून ५ चं १० झालं त्यावर एक अक्षर नाही.

तर प्रश्न असा की एका बलाढ्य देशाचं राजकारण सगळ्या जगाच्या गप्पांमध्ये असं भरून राहतं हे तुम्हाला योग्य वाटतं का? आणि त्यापायी आपलं नक्की काय राहून जातं?

शुभदा_नाशिक

अगदी मनातलं लिहिलंत. आमच्या घरी सासरेबुवा सकाळी पहिलं विचारतात, तात्या काय म्हणाले आज? मला आधी वाटायचं गावाकडचे कुणी तात्या आजारी आहेत, तर हे तात्या म्हणजे ट्रम्प. 😀

गिरगावचा_गोट्या

थोडा असहमत. मागच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रम्प विरुद्ध हॅरिस आणि आपली विधानसभा पंधरा दिवसांच्या अंतराने झाली. तिकडे ५ तारखेला, इकडे २० ला. तेव्हा मराठी चॅनेलवर २८८ मतदारसंघांशिवाय दुसरं काही दिसत होतं का? ट्रम्प ३१२ इलेक्टोरल मतं घेऊन जिंकला तो एक दिवस सोडला तर सगळं आपलंच होतं. बंडखोर कोण, कुणी अर्ज मागे घेतला, सगळं. म्हणजे आपली निवडणूक मोठी असली की लोक बघतात. महापालिकेत रस नाही हा दोष अमेरिकेच्या माथी का मारायचा?

तळजाईकर

@गोट्या, मुद्दा मान्य आहे पण अर्धाच. विधानसभा दिसली कारण ती पण लढत म्हणूनच दाखवली, कोण कुणाला भिडला. प्रभागाची हद्द, कचरा, पाणी यात लढत नाही म्हणून ते दिसत नाही. आणि ती मोकळी जागा जी राहते ना, ती भरायला अमेरिका कायम तयार असते, हे माझं म्हणणं आहे.

काळीमाती_यवतमाळ

भाऊ, तुमच्या गप्पा ठीक आहेत पण आमच्याकडं अमेरिका म्हणजे टाइमपास नाही. आमच्याकडं ती कापसात आली.

२७ ऑगस्टपासून अमेरिकेनं भारताच्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं. आधीचे २५ आणि रशियाच्या तेलापायी वरचे २५. तिथं कपडा विकणाऱ्या गिरण्या अडचणीत, म्हणून त्यांना स्वस्त कापूस मिळावा यासाठी आपल्या सरकारनं कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी काढून टाकली. १९ ऑगस्टपासून. पहिले म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून केलं ३१ डिसेंबर. म्हणजे बघा, आमचा कापूस घरात यायच्या आधीच बाहेरच्या कापसाला दार उघडं. लांब धाग्याचा यंदाचा (२०२५-२६) हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आणि व्यापारी बोलतो त्याच्या खालीच. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी करा, मग ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. यंदाच्या पावसात तो कुठून आणायचा?

आता हे सगळं तिकडच्या राजकारणातूनच आलं ना. मग मी अमेरिकेची बातमी नको असं कसं म्हणू? माझं दुखणं वेगळं आहे. टीव्हीवर महिनाभर टॅरिफच चाललं होतं पण कशावर, तर ट्रम्प मोदींबद्दल काय बोलला, मोदींनी फोन उचलला का, दोघांची दोस्ती तुटली का. ११ टक्क्यांची ड्युटी गेली ही बातमी मला जिनिंगवाल्याकडून, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखानदाराकडून कळली.

शुभदा_नाशिक

दादा, हे खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे द्राक्ष आणि कांद्याच्या निर्यातीचं बोलणं होतं पण कापसाचा हा धागा कुणी जोडून सांगितला नव्हता.

माजी_डेस्कवाला

मी एका मराठी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली, नाव सांगत नाही. हे असं का होतं ते आतून सांगतो.

पहिलं कारण वेळ. न्यूयॉर्कचं मतदान रात्री ९ ला संपतं, म्हणजे आपले सकाळचे साडेसात. निकाल येतो तेव्हा लोक चहा घेऊन टीव्हीसमोर असतात, त्या वेळेला आपल्याकडे ताजं दुसरं काही घडलेलं नसतं. दुसरं कारण पैसा. अमेरिकेतलं प्रत्येक भाषण, प्रत्येक पत्रकार परिषद एजन्सीच्या फीडवर आयती येते, चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, सोबत लिहिलेली कॉपी. ती मराठीत करायला एक मुलगा आणि वीस मिनिटं पुरतात. यवतमाळची कापसाची बातमी करायची तर स्ट्रिंगरला (बातमीमागे पैसे मिळणाऱ्या स्थानिक बातमीदाराला) गावात जावं लागतं, शेतकरी, जिनिंगवाला, सीसीआयचा अधिकारी असे तिघं गाठावे लागतात आणि त्याला मिळतात बातमीमागे मोजके पैसे, त्यातच पेट्रोल.

तिसरं म्हणजे ती भाषा. इंग्रजी. फ्रेंच किंवा अरबीतलं कुणी आपणहून उचलत नाही, ते लंडन किंवा न्यूयॉर्कमार्गे आलं तरच येतं. आणि आता तर आपण ज्यावर बातमी बघतो ते यूट्यूब, फेसबुक, इन्स्टा, एक्स, सगळं अमेरिकन. तिकडे जे पेटतं ते इकडे फोनमध्ये आपोआप वर येतं. आमच्याकडे सकाळच्या मीटिंगला ट्रेंडिंगची यादी काढायचे आणि त्यावरून दिवस ठरायचा. यात कुणाचं कारस्थान नाही, पण सोपं ते आधी लागतं आणि कष्टाचं मागे पडतं, आणि हे रोज होतं.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. आमच्यासाठी हे परक्या देशाचं राजकारण नाही, त्यामुळे थोडं वेगळं वाटतं.

१९ सप्टेंबरला एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी १ लाख डॉलर फीचा आदेश आला तो शुक्रवार होता. २१ पासून लागू. त्या रात्री आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जे चाललं होतं ते आठवलं तरी कसंतरी होतं. सुट्टीवर पुण्याला गेलेले लोक मिळेल त्या तिकिटाने परत निघाले, कंपन्यांचे वकील सांगत होते देशाबाहेर असाल तर ताबडतोब या. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाऊसने खुलासा केला की फी फक्त नव्या अर्जांना आहे, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही. त्या मधल्या काही तासांत भारतातल्या चॅनेल्सनी आमच्या आईवडिलांना अक्षरशः रडवलं. आईचा फोन आला, "तुला हाकलणार का रे?" खुलासा मात्र तिला मीच सांगितला, टीव्हीवर तो तिला दिसलाच नाही.

आणि एक. आमच्याकडे त्याच ४ नोव्हेंबरला गव्हर्नरची निवडणूक होती, मिकी शेरिल जिंकल्या. इथे एवढे मराठी लोक राहतात पण भारतातून एकानेही त्याबद्दल विचारलं नाही, सगळ्यांना नदीपलीकडचा ममदानी हवा. म्हणजे अमेरिकेची बातमी येते असंही नाही, अमेरिकेतल्या चारदोन माणसांची येते.

विशाखा_रुईया

मला उलट वाटतं. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि ममदानीच्या प्रचारामुळे मला महापालिका म्हणजे काय हे शोधावंसं वाटलं, हे मी मनापासून सांगतेय. जूनमधल्या त्यांच्या पक्षांतर्गत निवडणुकीत मतदार पाच जणांना पसंतीक्रम देऊ शकत होते. ते वाचलं, मग आपल्याकडे मुंबईत कसं असतं ते वाचलं. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटी आहे. एवढा पैसा आणि मार्च २०२२ पासून साडेतीन वर्षं त्यावर प्रश्न विचारायला निवडून आलेला कुणी नव्हता, हे मला तोपर्यंत कधी खटकलंच नव्हतं.

शिवाय न्यूयॉर्कचा महापौर खरंच शहर चालवतो. आपला महापौर १८८८ च्या कायद्याप्रमाणे सभेचा अध्यक्ष, कारभार आयुक्तांच्या हातात आणि आयुक्त राज्य सरकार पाठवणार. तिकडचं बघितलं म्हणूनच कळलं ना की असं वेगळंही असू शकतं? दुसऱ्याचं बघूच नका म्हटलं तर आपण शिकणार कुठून?

नाना_मंगळवेढा

विशाखाताई, बघू नका असं कुणीच म्हणत नाहीये. पण थोडं जुनं सांगतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

अमेरिका आमच्या लहानपणी पण होतीच. पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या मदतीचा गहू यायचा. ६५-६६ च्या दुष्काळात त्यांचा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन महिन्यामहिन्याच्या हिशोबाने गहू सोडायचा आणि व्हिएतनामबद्दल भारत जे बोलायचा ते त्याला खुपायचं. हे आम्हाला मोठी माणसं पारावर बोलायची त्यातून कळलं. ७१ च्या डिसेंबरमध्ये त्यांचं एंटरप्राइज जहाज बंगालच्या उपसागरात आलं तेव्हा शाळेत मास्तरांनी नकाशा काढून सातवं आरमार म्हणजे काय ते दाखवलं होतं. आणि ७२ ला तर विचारू नका. रेशनवर ती तांबडी मिलो ज्वारी. आमच्या मंगळवेढ्याची मालदांडी खाल्लेल्या माणसाला ती घशाखाली उतरायची नाही, पण खाल्ली. आई भाकरी थापताना दरवेळी म्हणायची, हिला चिकटपणाच नाही. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची ती मात्र आम्हा पोरांना आवडायची.

सांगायचं काय, तेव्हा अमेरिकेबद्दल बोलणं म्हणजे आपल्या ताटाबद्दल बोलणं होतं. गोविंद तळवलकर महाराष्ट्र टाइम्सचे संपादक होते तेव्हा परदेशावर अग्रलेख यायचे, ते आमच्या तालुक्याला दुपारनंतर पोचायचे, पण वाचून झाल्यावर भारताला याचं काय हे कळलेलं असायचं. आता माझा नातू मला पेनसिल्व्हेनियात कोण पुढे आहे ते सांगतो. हुशार आहे पोरगा. पण रुपया डॉलरला ८८ च्या वर गेल्यावर आपल्या खताचं आणि तेलाचं काय होतं, हे विचारलं तर गप्प होतो. दोष त्याचा नाही, त्याला कुणी जोडून दाखवलेलं नाही.

काळीमाती_यवतमाळ

नाना, बरोबर बोलले. जोडून दाखवत नाहीत हेच.

डॉ_शर्वरी

वैद्यकीय बाजूने एक अनुभव. २४ जून २०२२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रो विरुद्ध वेड हा गर्भपाताचा हक्क देणारा जुना निकाल उलटवला. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या काही तरुण मुली, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, घाबरून विचारायच्या की आता गर्भपात बेकायदेशीर झाला का. टेक्सासमध्ये किती आठवडे ते त्यांना माहीत होतं. आपल्याकडे १९७१ पासून कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली, हे माहीत नव्हतं. आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला आपल्या सुप्रीम कोर्टाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांपर्यंतचा हक्क आहे असा निकाल दिला, तो इतका मोठा निकाल, त्याबद्दल मला एकीनेही विचारलं नाही.

मला या गोष्टीचा खरंच त्रास होतो. एखादी मुलगी परदेशातल्या निकालाच्या भीतीने उशिरा येते, आणि अशा बाबतीत उशीर फार महागात पडतो.

गिरगावचा_गोट्या

डॉक्टर, हे वाचून मात्र माझा आधीचा प्रतिसाद थोडा पातळ वाटायला लागला.

सुषमा_मिसिसागा

कॅनडातून. तुम्ही निदान लांब आहात, आमची काय गत आहे बघा. २८ एप्रिलला आमची निवडणूक झाली. जानेवारीपर्यंत सगळे घरांच्या किमती आणि किराण्यावर बोलत होते, कॉन्झर्व्हेटिव्ह सहज जिंकणार असं चित्र होतं. मग ट्रम्पने कॅनडा अमेरिकेचं ५१ वं राज्य, ५१ वं राज्य लावलं, टॅरिफ आले, आणि निवडणूक एकाच प्रश्नावर आली की ट्रम्पसमोर कोण उभा राहील. लिबरल पक्षाचे कार्नी जिंकले, कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पोलिएव्ह स्वतःची सीटसुद्धा हरले. पाच दिवसांनी ऑस्ट्रेलियात पण विरोधी पक्षनेते डटन यांची सीट गेली.

मी कुणाला मत दिलं ते सोडा, पण घराच्या किमतींचा प्रश्न होता तिथेच आहे. त्यावर बोलायला निवडणुकीत कुणाला वेळच उरला नाही.

रोझहिल_ते_रत्नागिरी

मी नोकरीनिमित्त मॉरिशसला बरीच वर्षं होतो. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी.

मागच्या वर्षी १० नोव्हेंबरला, अमेरिकेनंतर पाचच दिवसांनी, मॉरिशसमध्ये निवडणूक झाली. त्याआधी तिथे फोन टॅपिंगचं मोठं प्रकरण बाहेर आलं होतं, बड्या लोकांची संभाषणं रोज लीक होत होती. सरकारने सोशल मीडियाच बंद करायचा आदेश काढला, मतदान होईपर्यंत, आणि ओरड झाल्यावर एका दिवसात मागे घ्यावा लागला. निकाल काय लागला? ६२ पैकी ६० जागा विरोधकांना. सत्ताधारी आघाडीला शून्य. नवीनचंद्र रामगुलाम पंतप्रधान झाले. लोकांनी मतपेटीतून असं सरकार साफ धुऊन काढल्याची उदाहरणं फार थोडी.

आता मॉरिशस म्हणजे आपल्याला काय लागतो? तिथे मराठी समाज आहे, रत्नागिरी-सातारा भागातून ऊसमळ्यांवर गेलेल्या लोकांचे वंशज, पिढ्यानपिढ्या. गणपती बसवतात, विसर्जनाला समुद्रावर जातात, शाळेत मराठी शिकवतात. त्यांच्या देशात एवढी उलथापालथ झाली आणि मी तेव्हा रत्नागिरीत होतो, मला मराठीत त्यावर धड दोन ओळी वाचायला मिळाल्या नाहीत. तेव्हा अमेरिकेतल्या सात अटीतटीच्या राज्यांचे नकाशे चालू होते. मला फार वाईट वाटलं, तिथल्या मित्राला फोन केला तर तो म्हणाला, तुमच्याकडे काही दाखवलं का? काय सांगणार त्याला.

एडिसनकर

रोझहिल, मला यातलं काहीही माहीत नव्हतं. यावर वेगळा धागा काढा प्लीज, तिथल्या मराठी लोकांबद्दल पण लिहा.

सुषमा_मिसिसागा

+१, गणपतीचे फोटो पण टाका.

मध्यममार्गी

सगळं वाचलं. फक्त प्रसिद्धीचं म्हणून सोडून देता येणार नाही, कारण तिथला निर्णय खरंच सगळीकडे पोचतो. यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था, यंदा बंद केली, तर तिच्या पैशावर चालणारं पुण्यातलं आणि कल्याणचं तृतीयपंथीयांसाठीचं मित्र क्लिनिक जानेवारीतच थांबलं. ज्यांना दुसरीकडे धड वागवत नाहीत अशा लोकांचं ते हक्काचं ठिकाण होतं. वॉशिंग्टनमधली सही आणि कल्याणचा दवाखाना. हे कळायला अमेरिकेचं राजकारण कळायलाच हवं. तेव्हा कमी बघा म्हणून उपयोग नाही, कुठलं बघायचं ते निवडावं लागेल.

विशाखा_रुईया

तळजाईकर, तुमच्या बसकडे परत येते, कारण हे शोधताना मला एक भारी गोष्ट सापडली. न्यूयॉर्कच्या बस तिथल्या महापौराच्या ताब्यात नाहीतच! त्या एमटीए या वाहतूक संस्थेकडे आहेत आणि एमटीएवर वजन राज्याच्या गव्हर्नरचं. म्हणजे ममदानीला बस फुकट करायची तर आधी राज्याकडून पैसा आणि होकार आणावा लागेल.

आणि आपल्याकडे? बेस्ट हा मुंबई महापालिकेचा स्वतःचा उपक्रम आहे. पीएमपीएमएल पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची कंपनी आहे. म्हणजे बसच्या बाबतीत आपल्या महापालिकांचा हक्क न्यूयॉर्कपेक्षा जास्त आहे. बेस्टचं पण किमान भाडं मे महिन्यात ५ चं १० झालं, एसीचं ६ चं १२, तेव्हा सभागृहात उभं राहून विरोध करायला एक नगरसेवक नव्हता.

फुकट प्रवास बघायचा तर शेजारी कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस मोफत आहे. आपल्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वरच्यांना पूर्ण माफ. त्याने काय फरक पडला, एसटीचं नुकसान कसं भरून निघतं, यावर वाद घालूया की.

तळजाईकर

विशाखा, हे फारच उपयोगी. मला वाटतं धाग्याचं उत्तर बरंचसं इथेच मिळालं. उद्या ऑफिसात हीच चर्चा लावतो, ममदानीवरून सुरू करून बेस्टवर आणतो.

पुण्यातल्या लोकांसाठी: प्रारूप मतदार याद्या २० नोव्हेंबर २०२५ ला येणार आहेत. आपलं नाव योग्य प्रभागात आहे का ते बघा, नवीन रचनेत हद्दी बदलल्यात त्यामुळे समोरच्या बिल्डिंगचा प्रभाग वेगळा असू शकतो. चुकीच्या ठिकाणी असेल तर हरकत मुदतीतच द्यावी लागते. आणि आपल्याला एक नाही, चार मतं द्यायची आहेत (३८ नंबरच्या प्रभागात पाच), हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा.

शुभदा_नाशिक

नाशिकला पण तेच. सासऱ्यांना यादी तपासायच्या कामाला लावते, तात्यांना थोडे दिवस सुट्टी.

माजी_डेस्कवाला

@काळीमाती, तुमची परवानगी असेल तर ड्युटीचा मुद्दा माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला पाठवतो, तो सध्या शेतीच्या बातम्या बघतो. तारखा आणि टक्के तुम्ही लिहिलेत तेवढे पुरे, पण जिनिंगवाल्याशी बोलणं होईल का?

काळीमाती_यवतमाळ

पाठवा की. जिनिंगवाल्याला विचारून नंबर खाजगी निरोपात पाठवतो, तो बोलायला तयार होईल. आणि त्याला एवढंच विचारायला सांगा की १ जानेवारी २०२६ ला ड्युटी परत लागणार का अजून वाढवणार. आमच्या गावात अर्ध्या लोकांनी त्याच भरवशावर कापूस घरात भरून ठेवलाय.